पीयूषिका प्रमुख की कोठार?

शरीरातील ग्रंथींवरील लेखात पीयूषिकेला (मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीला) सर्व ग्रंथींची प्रमुख म्हटले आहे. ते बव्हंशी मान्य असले, तरी एक पुरवणी जोडावीशी वाटते. आमच्या सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो, यंत्रमागावरील कामगाराचा सदरा घामाने पाठीला चिकटतो आणि शरीरातील पाणी घटून रक्त दाट होऊ लागते, तेव्हा हा बदल हायपोथॅलॅमस (मेंदूचा पीयूषिकेच्या लगेच वरचा भाग) टिपतो. शरीरातील पाणी राखणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरकही (हार्मोन) तेथेच तयार होते. पीयूषिकेचा मागील भाग ते केवळ साठवतो व रक्तात सोडतो, म्हणजे येथे ती निव्वळ कोठार आहे. रक्तातून ते सर्वत्र फिरत असले, तरी ज्या पेशींवर त्याचे ग्राही (त्याला ओळखणारे रेणू) असतात त्याच प्रतिसाद देतात. मूत्रपिंडातील अशा पेशी पाणी परत शोषतात आणि लघवी थोडी व गडद पिवळी होते. मद्य नेमके हेच संप्रेरक दाबते व लघवीवाटे पाणी अधिक जाते, त्यामुळे उन्हाळ्यात बिअरने तहान भागते हा (आमच्याकडेही लोकप्रिय) समज निराधार आहे.