अकरावं पान आणि पाव किलो कुंदा

पाव किलो कुंदा मी एका पानाने हरलो. चार पानांनी हरलो असतो तर इतकं लागलं नसतं.

गणपतीचे दिवस, बेळगावचा पाऊस, मंडपाच्या ताडपत्रीला पोट सुटलेलं आणि रात्रीचा पहारा. पहाऱ्याला बसलं की पत्ते निघतातच. दोन डाव झाल्यावर मला अवदसा आठवली. म्हटलं, एकवीस पानांची जादू दाखवतो. चुकली तर कुंदा माझ्याकडून.

ही जादू चुकत नाही, हेच तर तिचं वैशिष्ट्य. कॅटातली कुठलीही 21 पानं घ्यायची. समोरच्याने एक मनात धरायचं. पानं उताणी वाटत तीन गड्ड्या करायच्या. पहिलीवर एक, दुसरीवर एक, तिसरीवर एक, पुन्हा पहिलीवर. सात-सातचा ढीग ओतायचा नाही, इथेच निम्मे लोक फसतात. समोरचा पान सांगत नाही, नुसती गड्डी दाखवतो. ती दोन गड्ड्यांच्या मधे घालून सगळी पानं उचलायची, पालथी करायची, परत वाटायची. असं तीनदा. मग वरून अकरावं पान त्याचं.

यात हातचलाखी नाही, नुसती मोजदाद आहे. पहिल्या उचलीला त्याचं पान 8 ते 14 या जागांत कोंडलं जातं. पुन्हा वाटलं की ही सात पानं आपापल्या गड्डीत तिसरी, चौथी किंवा पाचवी पडतात. गड्डी परत मधे गेली की उरल्या जागा तीन : 10, 11, 12. तिसऱ्या वाटपात ही तिन्ही तीन वेगळ्या गड्ड्यांत जातात आणि प्रत्येकीत चौथी बसतात. वरची सात अधिक चार, अकरा. शिवाय 21 मधलं अकरावं म्हणजे नेमकं मधलं, त्यामुळे कॅट उलट्या बाजूने मोजला तरी पान तेच.

आता मामा. मामा कुणाचे सख्खे मामा नाहीत, गल्लीचे मामा आहेत. रमी खेळून खेळून त्यांच्या अंगठ्याला पानांचा आकार आलाय. पान त्यांनीच धरलं. पहिली उचल झाली, मी वाटायला हात घातला, तोच आवाज आला.

"तडी ओ, तडी! काटल्याशिवाय पान वाटालासा?"

"मामा, हा डाव नाही, जादू आहे."

"जादू असू दे की. पान ते पान. काटलं नाही तर लक्ष्मी रुसते बगा."

आणि मी तोंड उघडायच्या आत वरची पाच पानं उचलून त्यांनी खाली सारली. पोरं बघत होती. "काटू नका" म्हणावं तर चोरी पकडल्यासारखं दिसतं. गप्प बसलो. शेवटी त्यांनी तिसऱ्या गड्डीकडे बोट केलं, मी ती मधे घातली आणि मोठ्या ऐटीत मोजू लागलो. मामांची मोजणी सोबत कन्नडात, कारण उभी हयात बाजारात पोती मोजण्यात गेलेली. मी नऊ, ते ओंबत्तु. मी दहा, ते हत्तु. मी अकरा म्हणून पान उलटं केलं : किलवरची नव्वी.

"हे न्हवं. माझी बदामची राणी. हत्तूला गेली की ओ ती!"

"अकरावं यायला पाहिजे होतं, मामा."

"मग मराठीत अकरा म्हणजे कन्नडात हत्तु, असं म्हणा की मास्तर."

मंडप हसला. गणपतीसुद्धा सोंडेआड हसला असावा. इतकी वर्षं सीमाप्रश्न आकड्यांत शिरला नव्हता, तो त्या रात्री शिरला.

घरी येऊन कागद घेतला. पाच पानं खाली गेली म्हणजे 8 ते 14 चं झालं 3 ते 9. दुसऱ्या वाटपात ती पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या जागी पडली. गड्डी मधे, म्हणून 8 ते 10. तिसऱ्या वाटपात आठ आणि नऊ या जागा दुसऱ्या-तिसऱ्या गड्डीत तिसऱ्या पडतात; सात अधिक तीन, दहा. फक्त पहिली गड्डी निघाली असती तर अकरा आलं असतं! म्हणजे मामांनी काटूनही जादू सातातून तीनदा वाचली असती. कारण प्रत्येक वाटप चूक साधारण तिसऱ्या हिश्श्यावर आणतं. तिसऱ्या उचलीनंतर काटलं असतं तर मात्र पान थेट सहावं गेलं असतं.

आणि काटणं म्हणजे पिसणं नव्हे, हे कधी कळायचं या लोकांना? काटल्याने पानांची रांग तीच राहते, फक्त सुरुवात सरकते. 52 पानं खरोखर मिसळायची तर फरफर पिसणं, म्हणजे कॅटाचे दोन भाग करून पानं एकमेकांत सोडणं, साधारण सात वेळा लागतं, हे बेयर आणि डायकोनिस या गणितज्ञांनी 1992 मध्ये दाखवलंय. आमच्याकडे दोनदा पिसतात आणि वाईट पानं आली की नशिबाला शिव्या घालतात.

पुढच्या वेळी मी 27 पानं घेणार, गड्ड्या नऊ-नऊच्या. जेर्गोन नावाच्या फ्रेंच गणितज्ञाने 1813-14 च्या सुमारास याचा हिशेब मांडला. त्यात पान हव्या त्या क्रमांकावर आणता येतं. मामांनी 17 म्हटलं, तर वर 16 पानं हवीत. 16 म्हणजे एकदा नऊ, दोनदा तीन आणि एकदा एक. उलटीकडून वाचायचं : एक, दोन, एक. शून्याला गड्डी वर, एकला मधे, दोनला तळाशी. म्हणून मधे, तळाशी, मधे. वर-तळ पानं पालथी केल्यावरचे; उताण्या गड्ड्या उचलताना हे उलटं होतं, आणि घोटाळा तिथेच होतो. काटायचं ते पान धरण्याआधी हवं तितकं काटून घ्या म्हणायचं, लक्ष्मीही खूश.

दुसऱ्या दिवशी कुंदा नेला. मामांनी पुडा उघडला, वर्तमानपत्रावर "ओंदु, एरडु, मूरु" करत तीन ढीग घातले आणि मधला स्वतःकडे ओढला.

त्याआधी पुडा काटला नाही.