‘नाजा २००’ घरात ठेवा म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

पहिला पाऊस पडला की व्हॉट्सॲपवर तो मेसेज फिरायला लागतो. यंदा आमच्या घरच्या ग्रुपवर दोनदा आला, आणि पाठवणारे दोघेही चांगले शिकलेले. मजकूर साधारण असा: भारतात सापांच्या ५५० जाती, त्यातल्या दहाच विषारी. साप चावला तर ‘नाजा २००’ या होमिओपॅथीच्या औषधाचा थेंब दहा-दहा मिनिटांनी तीनदा जिभेवर टाका, माणूस वाचतो. शिवाय पुढचं तोंड कापलेली सिरिंज लावून विष ओढून काढा. पाठवणाऱ्याच्या मनात काळजीच असते. पण या मेसेजनं माणूस दगावू शकतो, म्हणून लिहिते आहे.

आकड्यांचं आधी उरकते. आपल्याकडे सापांच्या जाती तीनशेच्या वर आहेत आणि विषारी जाती साठाच्या आसपास. महाराष्ट्रात जीव घेणारे मुख्यतः चार: नाग, मण्यार, घोणस, फुरसं.

सिरिंजचा उपाय तर सोडूनच द्या. विष दातांवाटे आत गेलं की ऊतींमध्ये पसरतं. वरून ओढून ते बाहेर येत नाही, जखम मात्र चिघळते.

आता औषध. ‘नाजा’ नागाच्या विषापासून बनवतात. ‘२००’ म्हणजे एका भागाला शंभर भाग या प्रमाणात दोनशे वेळा पातळ केलेलं. बाराव्या-तेराव्या वेळेलाच मूळ पदार्थाचा एखादा रेणू उरण्याची शक्यता संपते. बाटलीत नागाच्या विषाचा अंशही नसतो, आणि असता तरी घोणशीच्या दंशावर त्याचा काय उपयोग? नागाचं विष मज्जातंतूंवर जातं, घोणशीचं रक्त गोठू देत नाही. सरकारी दवाखान्यात हे कसं बघतात माहीत आहे? रुग्णाचं दोन-तीन मिलिलिटर रक्त काचेच्या कोरड्या, स्वच्छ नळीत घेऊन वीस मिनिटं न हलवता ठेवतात. मग नळी हळूच तिरकी करतात. रक्त पाण्यासारखं वाहिलं, की लगेच प्रतिविष, म्हणजे विषाचा परिणाम रोखणारं इंजेक्शन, सुरू.

‘पण आमच्या गावात या थेंबांनी माणसं वाचलीत.’ वाचली असतील, खोटं नाही. बहुतेक दंश बिनविषारी सापांचे असतात, आणि विषारी सापही कधीकधी चावतो पण विष सोडत नाही. अशी माणसं नुसतं पाणी पिऊनही वाचली असती. साप उतरवणाऱ्या मांत्रिकाचा नावलौकिकही असाच होतो. वाचलेला माणूस गावभर सांगत फिरतो; गेलेल्याच्या घरचे ‘उशीर झाला’ म्हणून गप्प बसतात. एका अभ्यासानुसार २००० ते २०१९ या काळात भारतात सर्पदंशानं सुमारे १२ लाख माणसं गेली, म्हणजे वर्षाला ५८ हजार. त्यातली बहुतेक खेड्यांतली.

‘घेतलं तर बिघडलं काय?’ हा प्रश्न मला सगळ्यात जास्त ऐकू येतो, आणि खरा घात इथंच होतो. तीन थेंबांत अर्धा तास जातो. मग ‘बघू, उतरतंय का’ म्हणत आणखी दोन तास. मण्यार रात्री, जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावते. दुखत नाही, सूजही फारशी येत नाही. थेंब घेऊन तो परत झोपतो. पहाटे पोटात कळ येते, पापण्या मिटायला लागतात, जीभ जड होते, आणि मग श्वास. लकवा चढल्यावर प्रतिविषही तितकंसं चालत नाही, व्हेंटिलेटर लागतो.

‘गाडी येईपर्यंत काहीतरी करायला हवं ना?’ हो, करा. १०८ ला फोन लावा. अंगठ्या, बांगड्या, पायातली जोडवी काढा. चावलेला हात-पाय फळीला सैल बांधून स्थिर ठेवा, माणसाला चालवू नका. करकचून दोरी बांधणं नको, चिरा देणं नको. साप मारून आणायची गरज नाही. घोड्यांच्या रक्तापासून बनवलेलं आपल्याकडचं प्रतिविष या चारही सापांवर चालतं. निघतानाच दवाखान्यात फोन करून प्रतिविष शिल्लक आहे का ते विचारा. काहीच लक्षण दिसलं नाही तरी डॉक्टर २४ तास ठेवून घेतात, तेव्हा ‘आता बरा आहे’ म्हणून मध्येच घरी आणू नका.