खिळा ठोकण्यापूर्वी

लग्नाला तीन-चार वर्षं झाली, दोघांचे पगार बरे आहेत, आणि तरी तुम्ही भाड्याच्या घरात राहता? मग एव्हाना एखाद्या वास्तुशांतीच्या पंगतीत मठ्ठ्याचा पेला हातात घेऊन एक काका तुमच्यापाशी आले असतील आणि म्हणाले असतील, "काय, तुमचं कधी?" तुम्ही हसून "बघतोय" म्हणाला असाल. उत्तम. या विषयातलं अर्धं शिक्षण तुमचं तिथेच पुरं झालं. घर घ्यायचं की भाड्याने राहायचं हा प्रश्न सोडवायचा नसतो, बघत राहायचा असतो. आपल्या पूर्वजांनीही 'घर पहावे बांधून' असंच म्हणून ठेवलंय. पहावे. दर रविवारी, दुपारचं जेवण उरकलं की, पहावे.

या बाबतीत माझा शब्द प्रमाण मानायला हरकत नाही. पुण्यात मी बारा वर्षांत भाड्याची सात घरं केली. सात वेळा पोलीस पडताळणी झाली, म्हणजे माझ्याइतकं तपासून घेतलेलं चारित्र्य तुमच्या नात्यात कुणाचं नसेल.

तर पहिली गोष्ट, आकडेमोड करू नका. आकडेमोड करणाऱ्याचं घर होत नाही आणि त्याचं भाड्याच्या घरातही मन रमत नाही. पण तुम्ही ऐकणार नाही, रात्री साडेअकराला एक्सेल उघडून बसणारच, म्हणून मीच मांडून दाखवतो.

समजा ७५ लाखांचा टू बीएचके. रेरा कार्पेट, म्हणजे घरबांधणीच्या 'रेरा' कायद्याने ठरवलेली घराच्या आतली जागा, ६५० चौरस फूट. बँक ८० टक्के देते, म्हणजे ६० लाख. उरलेले १५ तुमचे. ते जमवताना पीएफ, बायकोची एफडी आणि सासरेबुवांचं मौन, तिन्ही मोडावं लागतं. हुश्श म्हणून बसावं तोवर मुद्रांक शुल्क येतं. पुण्यात सगळे अधिभार धरून ७ टक्के, म्हणजे सव्वापाच लाख. नोंदणीचे ३० हजार. इमारत अजून उभी राहायची असेल तर ५ टक्के जीएसटी, म्हणजे पावणेचार लाख. हे नऊ लाख तीस हजार घराच्या किमतीच्या वर जातात आणि त्यातून ना एक खिडकी येते ना एक नळ. घर एकट्या बायकोच्या नावावर केलं तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सूट मिळते, ७५ हजार वाचतात. घ्यायचं नसलं तरी एवढी माहिती घरात मोठ्याने वाचून दाखवा. रविवार मजेत जातो.

आता हप्ता. ६० लाख, साडेआठ टक्के, वीस वर्षं: महिन्याला ५२,०६९ रुपये. पहिल्या हप्त्यातले ४२,५०० व्याजाचे, ९,५६९ मुद्दलाचे. घराचा भाव चौरस फुटाला साडेअकरा हजारांवर पडलाय. म्हणजे तुमच्या १५ लाखांत एक बेडरूम तुमची झाली, पण पहिला हप्ता भरल्यावर हॉलमधला एक चौरस फूटसुद्धा पुरा तुमचा झालेला नाही. एका पायावर उभे राहिलात तर ठीक. दुसरा टेकवला की तो बँकेच्या हद्दीत.

त्याच इमारतीत तेवढंच घर २६ हजार भाड्याने मिळतं. पण भाडं म्हणजे पैसे पाण्यात, हे तुम्ही ऐकून आहातच. सांगणाऱ्याला व्याजाचे साडेबेचाळीस हजार कुठे जातात असं विचारायचं नाही. पाणी तेच, घाट वेगळा. (पाण्याचा विषय निघालाच आहे तर: नवीन सोसायटीत उन्हाळ्यात टँकर किती लागतात, हेही विचारायचं नाही. विचारलंत तर "सर, महापालिकेची लाइन मंजूर झालेली आहे" हे उत्तर मिळेल, आणि ते खरं असेल. मंजूर झालेलीच असते.)

शिवाय व्याजदर कायम राहतो असं कुणी सांगितलं? मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या नऊ-दहा महिन्यांत रेपो दर, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने कर्ज देते तो, ४ टक्क्यांवरून साडेसहावर गेला. बऱ्याच जणांचा हप्ता बँकेने तेवढाच ठेवला, फक्त मुदत लांबवली. केवढी माया! वीस वर्षांचं नातं असं एका एसएमएसवर आणखी काही वर्षं पुढे सरकतं, तेही आहेर-मानपान न करता.

याउलट भाड्याच्या बाजूने बोलणारा एक मित्र प्रत्येकाला असतो. तो म्हणतो, हप्ता आणि भाडं यातला फरक, महिन्याचे २६ हजार, एसआयपीत, म्हणजे दरमहा म्युच्युअल फंडात, टाक, वीस वर्षांनी रोखीने घर घेशील. गणित अगदी चोख आहे. मी या मित्राला दोन-तीनदा विचारलं की तुझी एसआयपी किती आहे. त्याने प्रत्येक वेळी चहा मागवला.

आता काकांकडे वळू. काकांनी कोथरूडला १९८८ साली सव्वादोन लाखांत घर घेतलं. "तेव्हा तिथे कोल्हे ओरडायचे रे!" हे वाक्य ते इतक्या अभिमानाने म्हणतात, जणू कोल्हे त्यांनी स्वतः हुसकावले. त्यांचा सल्ला असा, की तूही लांब घे, गाव आपोआप येतं तिथवर. त्यांना कसं सांगावं की आता कोल्ह्याच्या आधी होर्डिंग पोचतं. सूस, म्हाळुंगे, मांजरीच्या पलीकडे एखादा कोल्हा उरलाच असेल तर तोही चौरस फुटाचा भाव विचारून मागे फिरत असेल.

तरीही साइट व्हिजिट चुकवू नका. त्यासारखी फुकट करमणूक या शहरात दुसरी नाही. गेल्या गेल्या कोल्ड कॉफी मिळते. काचेच्या पेटीत इमारतीची प्रतिकृती असते, तिच्यात मागचा नाला निळा रंगवलेला असतो आणि त्याच्या कडेला बाकावर एक प्लास्टिकचं जोडपं बसलेलं असतं. मग सॅम्पल फ्लॅट. आत शिरल्यावर छातीत काहीतरी मोठं-मोठं वाटायला लागतं. मी एकदा खिशात मेजरटेप घेऊन गेलो होतो. बेड साडेपाच फुटी निघाला. कपाट इतकं उथळ की हँगर तिरका घालावा लागला असता. डायनिंगच्या भिंतीवर छतापर्यंत आरसा, त्यामुळे चार खुर्च्यांच्या आठ दिसत होत्या. थोड्या वेळाने लक्षात आलं की घराला एकही दार नाही. बेडरूमला नाही, किचनला नाही.

"दारं?" मी विचारलं.

"सर, दारं पझेशनला लागतील," फ्लॅट दाखवणारी मुलगी म्हणाली. पंचविशीची असेल, शनिवार-रविवार दिवसभर उभी. टेप बघूनही तिचं हसू हललं नाही. अशी माणसं खरं तर सरकारात हवीत.

पझेशन कधी, असं विचारलंत तर दोन तारखा मिळतील. एक टार्गेट पझेशन, दुसरं रेरा पझेशन. दोन्हींत दीड-दोन वर्षांचं अंतर. टार्गेट तोंडी सांगतात, रेराची तारीख कागदावर असते. तुम्ही अर्थातच तोंडी तारखेवर विश्वास ठेवून मुलीच्या बालवाडीचा प्रवेश घ्यायचा, आणि कागदावरच्या तारखेपर्यंत भाडं व हप्ता दोन्ही भरायचे. मे २०१७ मध्ये महारेरा, म्हणजे रेरा कायद्याखालचं राज्याचं प्राधिकरण, आल्यापासून कार्पेटवरच विकावं लागतं, पूर्वीसारखं जिना, लिफ्ट आणि वॉचमनचं टेबल तुमच्या घरात मोजता येत नाही. म्हणून आता माहितीपत्रकात बाल्कनी मिळवून 'युजेबल कार्पेट' असा मोठ्या अक्षरांतला आकडा असतो. मराठी माणूस कार्पेटच्या बाबतीत भोळा, कारण त्याच्या घरी सतरंजी असते.

एवढं ऐकून भाड्यानेच राहायचं ठरवत असाल, तर तेही सुख सांगतो. अकरा महिन्यांचा करार. महाराष्ट्रात १९९९ च्या भाडे नियंत्रण कायद्याने प्रत्येक करार नोंदवावाच लागतो, अकरा महिन्यांचा असो की तीन वर्षांचा. नोंदणीची जबाबदारी कायद्याने मालकाची, खर्च रिवाजाने बहुतेकदा तुमचा. एजंटला एक महिन्याचं भाडं. "फॅमिली आहात ना? व्हेज ना? नेटिव्ह कुठलं?" या तीन प्रश्नांत तुमची जी माहिती निघते तेवढी लग्न जमवतानाही काढली नव्हती. आणि मग एके दिवशी मालकांच्या मुलाचं लग्न ठरतं. सातपैकी चार घरं मी मालकांच्या मुलांच्या लग्नामुळे सोडली. एकाही लग्नाचं आमंत्रण आलं नाही.

सातवं घर सोडताना मालक परदेशात होते, म्हणून त्यांचे वडील आले. वय ऐंशीच्या घरात, पांढरा सदरा, हातात टॉर्च. भर दुपारी. त्यांनी टॉर्च भिंतीला चिकटवून तिरका धरला, म्हणजे बुजवलेली भोकंही सावलीने उठून दिसतात. एकेका भोकावर बोट ठेवत ते मोजत गेले. "हे काय होतं?" "घड्याळ." "हे?" "मुलीची चित्रं." "आणि हे?" ते आमच्या आधीच्या भाडेकरूचं होतं, पण सिद्ध कसं करणार? एकूण चौदा भरली. दीडशे रुपये भोकाला, एकवीसशे डिपॉझिटमधून वजा. आजोबांनी तारखेसह पावती दिली, 'खिळे नग १४', सुंदर अक्षरात.

त्या पावतीवर माझा निर्णय झाला. एक्सेल, एसआयपी, रेपो, कोल्हे, सगळं बाजूला राहिलं. स्वतःच्या भिंतीत विचारल्याशिवाय खिळा मारता आला पाहिजे, एवढ्या एका मुद्द्यावर मी साठ लाखांचं कर्ज काढलं. तुम्हीही असाच एखादा भक्कम आर्थिक निकष ठरवा.

मागच्या दसऱ्याला ताबा मिळाला. दारं होती. वास्तुशांतीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी हातोडी घेऊन हॉलच्या मधोमध उभा राहिलो. बायकोने फोनवर व्हिडिओ सुरू केला, मुलीने खिळा दिला. पहिल्या ठोक्याला खिळा वाकला. दुसराही वाकला. तिसरा उडून फ्रीजमागे गेला. भिंतीवर डाळीएवढा पांढरा ठिपका, बाकी काही नाही.

सोसायटीचा सुपरवायझर आवाज ऐकून वर आला. "सर, इथे विटा नाहीतच. अ‍ॅल्युमिनियमच्या साच्यात ओतलेलं काँक्रीट आहे सगळं. खिळा नाही जाणार, हॅमर ड्रिल लागेल." ड्रिलवाला भोकाला दोनशे घेतो. दोन ते चार आवाज करायचा नाही, रविवारी तर नाहीच, आणि आदल्या दिवशी सोसायटीच्या ग्रुपवर कळवून परवानगी घ्यायची.

कॅलेंडर सध्या चिकटपट्टीच्या हुकवर आहे, सातव्या घरातून आणलेल्या. आठवड्यातून एकदा ते रात्री पडतं. "तो हुक जपून काढा हं," बायको झोपेतच म्हणते, "रंग निघेल." मी जपूनच काढतो. इथे रंग निघाला तर कापून घ्यायला कुणाकडे डिपॉझिटही नाही.