सतराचे तीन करा म्हणणाऱ्या दादांना उत्तर

दादा, तुमची कमेंट दोनदा वाचली, पहिल्यांदा राग आला, दुसऱ्यांदा चहा पिऊन वाचली तेव्हा निम्मी पटली. माझ्या कथेतल्या ग्रामसभेत सतरा माणसं बोलतात, चौथ्यानंतर कोण कोण ते लक्षात राहत नाही, तिघांवर आणा आणि सभेत वाचला जाणारा तो ठराव तर काढूनच टाका, असं तुमचं म्हणणं.

नावांचं मान्य. हजेरी घेतल्यासारखं प्रत्येकाला एकेक वाक्य वाटत बसले, चुकलंच. खरं माणसं कमी करणार नाही (‘खरं’ म्हणजे आमच्याकडचं ‘पण’, पुण्याच्या वाचकांनी दचकू नये). तीन माणसं म्हणजे कट्ट्यावरच्या गप्पा झाल्या की ओ, सभा कुठली!

तुमच्या कमेंटनंतर मुद्दाम आमच्या बेळगावकडच्या खानापूर तालुक्यातल्या एका ग्रामसभेला जाऊन बसले, देवळात, मागं बायकांच्यात, चपलांच्या ढिगाजवळ. तिथनं बघितलं तर मोठ्यानं बोलणारे चारच, बाकी सगळी गर्दी म्हणजे एकच माणूस, तोच खोकतो, तोच “बसा ओ खाली” म्हणतो, त्याचाच मोबाईल वाजतो. त्याला नाव कशाला पाहिजे? पीडीओ साहेब (पंचायतीचे सरकारी विकास अधिकारी) पाण्याच्या टाकीवर कन्नडात चांगली दोन मिनिटं बोलले आणि शेजारच्या मेंबरनं मराठीत सांगितलं, “मार्च झाल्यावर बघू म्हणतात.” एवढंच! सभा हसली, साहेब कावरेबावरे, आपण काय विनोद केला ते त्यांना कळेना. आणि गंमत म्हणजे तिथल्या निम्म्यांना कन्नड झकास येतं, बाजारात घासाघीस त्यातच करतात, सभेत मात्र कुणालाच येत नाही. माझ्या खर्ड्यात ह्यातलं काहीच नव्हतं, साहेब बोलतात, लोक उत्तर देतात, परत साहेब, नुसतं पिंगपाँग. आणि टाकी कुणाच्या दारात बसणार ते तर माझ्या शेजारच्या मावशीनं पदराआडून पहिल्या पाच मिनिटांतच सांगून टाकलं होतं, पुढच्या कुणाला ऐकू गेलं नाही. म्हणजे प्रसंग तिच्या शेजारी बसून सांगायला हवा होता, मी आपली स्टेजवर चढून सांगत होते.

ठराव मात्र राहणार. १९४६ ला बेळगावच्या साहित्य संमेलनात, कादंबरीकार ग. त्र्यं. माडखोलकर अध्यक्ष असताना, संयुक्त महाराष्ट्राचा ठराव झाला, आणि १९५६ ला हा भाग तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला. इथं ‘ठराव’ म्हटलं की म्हातारी माणसं अजून ताठ बसतात, तुम्हाला तो शब्द कोरडा वाटला त्यात तुमची चूक नाही, मी तो कोरडाच लिहिलेला. आता अख्खा वाचून दाखवत नाही. सूचकाचं नाव पुकारल्यावर अनुमोदनाला हात कोण वर करतं आणि कोण त्याच वेळी बुडाखालची सतरंजी सारखी करायला लागतं, तेवढंच ठेवते.

नवीन खर्डा रविवारपर्यंत टाकते. सतराचे एकोणीस झालेत, आधीच सांगून ठेवते, खरं नावं चारच आहेत.