आधी वेष्टन छापून घ्या

नोकरी नसेल तर पहिलं काम एकच: खरेदी. इंदुरात रामबागेतल्या किंवा सुदामानगरातल्या घरी आई म्हणेल, "आधी पगार येऊ दे, मग फोन घे." तिचं ऐकू नका. तिच्या काळी पणजोबा होळकरांच्या दरबारी काय होते एवढं सांगितलं की माणसाची ओळख पटायची. आता कॅफेत बसल्यावर फोन टेबलावर पालथा ठेवावा लागतो, कारण ओळख त्याच्या पाठीवर छापलेली असते. कव्हर पारदर्शकच घ्या. काळं कव्हर लावून महागडा फोन वापरणं म्हणजे अंधारात शालू नेसणं.

पैसे नाहीत? 'नो कॉस्ट ईएमआय' आहे ना! रिझर्व्ह बँकेने शून्य टक्के व्याजाची ही भानगड 2013 सालीच नाकारली, म्हणून आता व्याज रीतसर लावतात आणि तेवढीच सूट किमतीत देतात. 60,000 चा फोन, सहा हप्ते, वर्षाला 15 टक्के दर धरला, तर कर्ज साधारण 57,460 चं आणि व्याज 2,540 चं होतं. हप्ता बरोब्बर 10,000, म्हणजे तुम्ही खूश. पण क्रेडिट कार्डावर घेतलात तर त्या व्याजावर 18 टक्के जीएसटी, म्हणजे 457 रुपये, तुमच्याच खिशातून जातो. 199 रुपये प्रोसेसिंग फी असली तर तिच्यावरही जीएसटी. एकूण सातशेच्या आत-बाहेर. 'नो कॉस्ट'च्या मानाने महाग, पण ओळखीच्या मानाने फुकटच.

खाण्यातून ओळख काढायची तर पोहे कामाचे नाहीत. जिरावण मसाला टाकून, शेव भुरभुरून तेच पोहे न्यायाधीशही खातो आणि रिक्षावालाही. मग तुम्ही कोण ते कळणार कसं? छप्पन दुकानच्या खाऊगल्लीत पोटभर पोहे-जिलबी खा, फोटो मात्र कॉफीचाच टाका.

एवढं झालं की तुम्ही गिऱ्हाईक म्हणून तयार झालात. आता माल व्हायचं. नोकरी-धंद्याच्या ओळखींची वेबसाइट, म्हणजे लिंक्डइन, उघडा.

फोटो किमान 400 बाय 400 पिक्सेलचा लागतो. तो चुलतभावाच्या लग्नातल्या ग्रुपफोटोतून कापावा. खांद्यावर कुणाचा तरी तुटका हात राहतो, पण त्यामुळे तुम्ही टीममध्ये काम करता हे सिद्ध होतं. वरची पट्टी 1584 बाय 396 ची, म्हणजे रुंदी उंचीच्या चौपट. तिथे राजवाडा लावण्याचा मोह इंदूरकराला होतोच. सात मजल्यांपैकी जेमतेम दोन मावतात आणि डावीकडे खालच्या बाजूला तुमचंच डोकं येऊन बसतं. तरी लावा. नाव-गाव-कौशल्य उजवीकडे नीट लिहिलेली साधी पट्टी कुणीही करेल.

आता हेडलाइन, म्हणजे नावाखालची ओळ. 220 अक्षरं मिळतात, पण यादीत आणि मोबाइलवर पहिले काही शब्दच दिसतात, पुढचं कापलं जातं. म्हणून सुरुवात 'स्वप्नांचा शिल्पकार', 'आजन्म विद्यार्थी', 'कॉफी आणि कोड' अशी करावी आणि 'टॅली, जीएसटी रिटर्न, तीन वर्षं' हे अगदी शेवटी ढकलावं. एचआरला टॅली हे हिशेबाचं सॉफ्टवेअर येणारा माणूस हवा असतो. तुमच्या नावाखाली त्याला शिल्पकार दिसतो, तो पुढे सरकतो. शेवेच्या पाकिटावर कायद्याने घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात: आधी बेसन, मग तेल, लवंग कुठेतरी खाली. माणसाच्या पाकिटाला असला जाच नाही. चिमूटभर नेतृत्व सगळ्यात वर छापा, बेसन तळाशी. (शेवेवर निदान किंमत असते. नोकरीच्या जाहिरातीत पगाराच्या जागी 'उद्योगातील सर्वोत्तम' असतं आणि तुमची अपेक्षा मात्र आकड्यात विचारतात.)

'अबाउट'ला 2,600 अक्षरं आहेत. सगळी वापरा, कुणी वाचत नाही.

प्रोफाइल बदलण्याआधी 'बदल नेटवर्कला कळवा' हे बटण बंद करायचं असतं. करू नका. जुन्या नोकरीचा महिना दुरुस्त केलात की नव्या नोकरीबद्दल चाळीस जण अभिनंदन करतील. प्रत्येकाला खुलासा करता करता ओळखी वाढतात. फोटोभोवतीच्या 'ओपन टू वर्क' या हिरव्या चौकटीचंही तसंच. ती न लावता, आपण नोकरी शोधतोय हे फक्त भरती करणाऱ्यांना दिसावं अशी सोय आहे. सध्याच्या कंपनीतल्या एचआरपासून ते लपवायचा प्रयत्नही लिंक्डइन करतं, मात्र हमी देत नाही. त्यापेक्षा चौकटच लावा, म्हणजे साहेबांना, आत्याला आणि आत्याने आणलेल्या स्थळाला एकदमच कळेल.

बायोडेटा दोन रकान्यांचा हवा, डावीकडे रंगीत पट्टा, कौशल्यांपुढे तारे. एक्सेलला पाचपैकी चार तारे म्हणजे काय, ते ताऱ्यांनाच ठाऊक. कंपनीचं सॉफ्टवेअर बऱ्याचदा सरळ ओळीने वाचतं, त्यामुळे डावीकडचा फोन नंबर उजवीकडच्या अनुभवात घुसतो आणि तुम्ही नऊशे कोटी ग्राहक हाताळल्याची नोंद होते. चित्र म्हणून सेव्ह केलेली पीडीएफ तर अनेकदा कोरीच दिसते. हे तपासायला पीडीएफ उघडून सगळं सिलेक्ट करायचं, कॉपी करून नोटपॅडमध्ये पेस्ट करायचं. तिथे जे उमटेल तेच साधारण यंत्राला दिसतं. अर्ध्या मिनिटाचं काम आहे, म्हणूनच कुणी करत नाही.

'आम्ही भरती करतोय, कमेंटमध्ये इंटरेस्टेड लिहा' अशी पोस्ट दिसली की लिहाच, जोडीला मोबाइल नंबरही टाका. कंपनीचं नाव नसलं तर विचारू नका, उगाच उर्मटपणा दिसतो. पोस्ट टाकणाऱ्याला कमेंट हव्या होत्या, त्या मिळाल्या. दोन दिवसांनी तुम्हाला फोन येईल: निवड झाली, लॅपटॉपसाठी 4,500 रुपये अनामत, परत मिळणारी. नोकरी देणारा पैसे मागत नसतो, ही जुन्या माणसांची समजूत. पैसे गेल्यावर सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तातडीने फोन केला तर ते वाटेत अडवले जाण्याची शक्यता असते, म्हणून लाजेखातर तीन दिवस गप्प बसावं.

ओळखी वाढवताना 500 पार करा, कारण त्यापुढे आकडा दिसत नाही, नुसतं '500+' येतं. त्या पाचशेत मावशीचा जावई नको. तो सुपर कॉरिडॉरवरच्या आयटी कंपनीत नोकरीला असेल, त्याच्या कंपनीत ओळखीच्या माणसाचं नाव सुचवण्याची रीतसर पद्धत असेल, सुचवणाऱ्याला बक्षीसही मिळत असेल. तरी त्याला विचारणं म्हणजे वशिला. सिएटलमधल्या अनोळखी व्हाइस प्रेसिडेंटला 'डिअर सर' लिहिणं म्हणजे नेटवर्किंग.

एक धोका मात्र राहतोच. सानंद या इंदूरच्या मराठी संस्थेच्या नाटकाला मध्यंतरात चहाच्या रांगेत कुणी काका गाठतात. "काय रे, सध्या काय करतोस?" अशा वेळी हेडलाइन पाठ हवी. शिल्पकार म्हणा, आजन्म विद्यार्थी म्हणा. काका चहात बिस्कीट बुडवत ऐकून घेतील आणि विचारतील, "ते ठीक आहे रे, पण टॅली येतं का? आमच्या सीएला माणूस हवाय."

तिसऱ्या घंटेला अजून दोन मिनिटं असतात. तेवढ्यात विषय बदला.