पाटी आणि पाटीखालची जमीन

बेळगावची बातमी इथं इंग्लंडात वाचायला मिळते ती बहुतेक पाटीची. २०२४ च्या दुरुस्तीने कर्नाटकात दुकानाच्या पाटीवरची ६० टक्के जागा कन्नडला द्यायची ठरली आणि खडेबाजारापासून रामदेव गल्लीपर्यंत अक्षरांच्या उंचीचा हिशेब सुरू झाला. १ नोव्हेंबरचा काळा दिन, डिसेंबरातलं सुवर्ण विधानसौधातलं अधिवेशन आणि २००४ पासून सर्वोच्च न्यायालयात असलेला सीमादावा, अशी वर्षाची चाल ठरून गेली आहे. या वादात दम नाही असं नाही. उतारा आणि नोटीस आपल्याला वाचता येईल अशा भाषेत मिळावी ही मागणी १९५६ पासूनची आहे आणि रास्त आहे. पण नोटीस मराठीत आली, तरी आत काय लिहिलेलं असतं? गल्लीची जमीन सरकारची, हे. आणि गल्ली जिथं रुळांना मिळते तिथं गेटवर बसलेल्या माणसाच्या वतीनं बोलायचं कुणी, याचं उत्तरही तितकंच जुनं आहे. दोन्ही उत्तरं इंग्रजी अमदानीतली. सीमेच्या दोन्ही बाजूंनी ती जशीच्या तशी उचलली.

आधी गल्ली. मुंबईच्या १८७९ च्या जमीन महसूल कायद्यातलं ३७ वं कलम सांगतं की रस्ते, गल्ल्या, पायवाटा, पूल, खंदक, नद्या, नाले, जे जे कुणाच्या मालकीचं म्हणून सिद्ध होत नाही ते सगळं सरकारचं. ओझं कुणावर आहे पाहा. मालकी सरकारनं दाखवायची नाही, तुम्ही दाखवायची. १९६४ च्या कर्नाटक जमीन महसूल कायद्याचं ६७ वं कलम वाचा, मग १९६६ च्या महाराष्ट्राच्या कायद्याचं २० वं वाचा. दोघंही त्याच आईची लेकरं. बेळगाव उद्या चंदगडच्या, म्हणजे महाराष्ट्राच्या, बाजूला गेलं तरी घरापुढच्या गटारीची मालकी एका सरकारकडून दुसऱ्या सरकारकडे जाईल, घरमालकाकडे इंचभरही येणार नाही. हे कुठल्याही सभेत ऐकू येत नाही.

ज्यांनी हे कलम लिहिलं त्यांच्या स्वतःच्या देशात काय होतं? इंग्लंडात रस्त्याकडेच्या घराचा मालक, उलट पुरावा नसेल तर, रस्त्याच्या मध्यरेषेपर्यंतच्या जमिनीचा धनी मानला जातो. पालिकेकडे काय येतं? वरचा थर. इथले वकील त्याला फावड्याच्या दोन पात्यांइतकी माती म्हणतात, म्हणजे रस्ता टिकवायला लागेल तेवढी जाडी आणि वाहतुकीला लागेल तेवढी वरची हवा. टनब्रिज वेल्स गावच्या पालिकेनं रस्त्याखाली सार्वजनिक संडास बांधले, तेव्हा कडेचे मालक कोर्टात गेले आणि १८९६ साली हाउस ऑफ लॉर्ड्सनं पालिकेला सांगितलं की रस्ता तुमच्या स्वाधीन आहे, खालची जमीन नाही. मद्रासच्या हायकोर्टानं १९०२ साली मदुरेच्या खटल्यात पालिकेपुरती हीच मर्यादा मान्य केली. म्हणजे तत्त्व हिंदुस्थानात पोचलं होतं. बेळगावात मात्र ते घरमालकाच्या हाती लागण्याआधी ३७ वं कलम वाटेत उभं. पालिकेकडे नाही ते सरकारकडे.

इंग्लंडात सगळं गोड आहे असं नाही. पालिकेनं न घेतलेल्या खासगी गल्ल्या इथंही आहेत. तिथले खड्डे रहिवासी स्वतःच्या खिशातून बुजवतात आणि एक शेजारी वर्गणी देत नाही म्हणून दहा वर्षं खडी पडत नाही. पण कुठला रस्ता सार्वजनिक खर्चाचा, याची यादी पालिकेला ठेवावीच लागते आणि ती कुणीही फुकट पाहू शकतो. रस्ता बंद करायचा तर त्याला सुनावणी आहे, आणि वाटेनं चालणाराही हरकत घेऊ शकतो.

आता रुंदीकरणाची नोटीस आली तर काय पाहायचं. दोन कागद आधी काढावेत: सीटीएस (सिटी सर्व्हे) उतारा आणि त्याच नंबराचा सिटी सर्व्हे नकाशा. जुन्या सनदेत क्षेत्र चौरस यार्डात असतं. १२० चौरस यार्ड म्हणजे १,०८० चौरस फूट, म्हणजे सुमारे १००.३ चौरस मीटर. नोटिशीत मीटर, सनदेत यार्ड आणि तोंडात गुंठा, अशी तिहेरी भाषा झाली की पहिली चूक तिथंच होते. वडगाव, अनगोळ, मजगाव ही मुळातली खेडी. तिथं आर.एस. (महसुली सर्व्हे) नंबराच्या टिपणावर, म्हणजे मोजणीच्या कच्च्या नकाशावर, माप साखळी-आण्यात आहे. साखळी ३३ फुटांची, आण्यांत १६ वा भाग, म्हणजे एक आणा २ फूट पाऊण इंच. ३३ फुटी दर्शनी बाजू असलेल्या एका प्लॉटला मोजणीदारानं एक आणा इकडचा तिकडे धरला, तर ६८ चौरस फूट गेले. सर्व्हेअरवर आरोप करण्याआधी हा हिशेब मांडावा. निम्मी भांडणं आण्यातलीच निघतात.

दुसरी चूक जास्त महाग. रस्त्याची रुंदी मध्यापासून दोन्हीकडे सारखी मोजायची असते, पण मध्य कुठला? खडू मारणारा माणूस आजच्या डांबराचा मध्य धरतो. डांबर तीसेक वर्षांत एका बाजूला सरकलेलं असतं, कारण दुसऱ्या बाजूला गटार, नळ किंवा विजेचे खांब आले. नकाशावरच्या गल्लीचा मध्य आणि डांबराचा मध्य यांत दोन फुटांचा फरक असेल, तर एका रांगेचे ओटे वाचतात आणि समोरच्या रांगेच्या भिंती पडतात. म्हणून खांबापासून नाही, नकाशावरच्या दोन पक्क्या खुणांपासून टेप लावायला सांगावं आणि पंचनाम्यावर दोन्ही आकडे लिहून घ्यावेत. तिसरी गोष्ट बुडाच्या (बेळगाव नगरविकास प्राधिकरणाच्या) मंजूर आराखड्यातली रुंदी. ती तोंडी सांगितलेल्या रुंदीशी जुळतेच असं नाही. आणि ओटा, पायरी, पन्हाळ गल्लीत आलेली असेल, तर तिची भरपाई मागण्यात वेळ घालवू नये. जुन्या परवानगीनं बांधलेली पायरी ही फक्त मुभा होती, मालकी नव्हे. भरपाई मागायची ती उताऱ्यातल्या क्षेत्राची.

पालिकेला जागा हवी म्हणून कुणाला उठवणं बेळगावला नवं नाही. १८८८ साली सायकलच्या दुकानानं सुरू झालेल्या किर्लोस्करांना बेळगावातला कारखाना नव्या वसाहतीच्या बेतामुळे हलवावा लागला. औंधच्या पंतप्रतिनिधींनी कुंडल रोड स्टेशनाजवळ ३२ एकर माळ दिला आणि १९१० साली किर्लोस्करवाडी उभी राहिली. शहराला त्यांच्या नावाचा एक रस्ता उरला. त्या वेळी बेळगाव आणि कुंडल रोड दोन्ही मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेच्या एकाच मार्गावर होती, म्हणून यंत्रं हलवणं तरी शक्य झालं.

तीच रेल्वे आपल्याला दुसऱ्या प्रश्नाकडे नेते: गेटवरच्या माणसाच्या वतीनं बोलायचं कुणी? ब्रिटनमध्ये १९१७ साली जे. एच. व्हिटली यांच्या समितीनं मालक आणि कामगार यांच्या संयुक्त परिषदा सुचवल्या. त्या 'व्हिटली कौन्सिल' नावानं इतक्या रुजल्या की इथल्या सरकारी आरोग्यसेवेत पगार ठरवायला २००४ पर्यंत चालल्या. १९२१ च्या रेल्वे कायद्यानं ब्रिटिश रेल्वे कामगारांना पगारमंडळात कायद्यानं खुर्ची दिली. हेच व्हिटली १९२९ साली हिंदुस्थानातल्या कामगारांची पाहणी करणाऱ्या शाही आयोगाचे अध्यक्ष झाले. १९३१ च्या त्यांच्या अहवालात रेल्वेसाठी संयुक्त मंडळाची शिफारस होती. ती कागदावर राहिली. पुढच्याच वर्षी पेरांबूरच्या कारखान्यातून मद्रास अँड सदर्न मराठा रेल्वेवर संप झाला. वाटाघाटीची कायमची यंत्रणा यायला १ जानेवारी १९५२ उजाडलं.

दरम्यान १९२६ चा ट्रेड युनियन कायदा आला होता. सात जणांनी अर्ज केला की संघटनेची नोंदणी होई, पण नोंदणी म्हणजे मान्यता नव्हे. प्रशासनानं त्या संघटनेशी बोललंच पाहिजे असं त्यात कुठंच नव्हतं. १९४७ साली सक्तीच्या मान्यतेची दुरुस्ती मंजूर झाली आणि ती कधी अमलातच आणली नाही. गुप्त मतदानानं मान्यताप्राप्त संघटना निवडण्याची पद्धत रेल्वेत २००७ साली आली, मग २०१३ आणि थेट डिसेंबर २०२४. मतदान झालं, चांगलं झालं. पण निवडून आलेली संघटना कुठं बसते? विभागाच्या ठिकाणी, साधारण दोन महिन्यांनी एकदा. बेळगावसाठी ते हुबळी. तिथली टिपणं बहुधा इंग्रजीत, त्यामुळे कन्नड गेटमन आणि मराठी गेटमन दोघंही सारखेच बाहेर. या एका ठिकाणी तरी सीमावाद मिटलेला दिसतो!

आता टिळकवाडीतलं गेट डोळ्यांसमोर आणा. पहिलं किंवा दुसरं, कुठलंही. या गेटवर दोन वेगळ्या मोजण्या होतात आणि त्या एकमेकींना ओळखत नाहीत.

पहिली मोजणी पुलासाठी. सात दिवस वाहनं मोजायची, रोजची सरासरी काढायची आणि तिला रेल्वेगाड्यांच्या संख्येनं गुणायचं. रिक्षा अर्धी धरतात. गुणाकार एक लाखावर गेला की रेल्वे आणि राज्य निम्मा-निम्मा खर्च उचलून उड्डाणपूल बांधू शकतात. समजा दिवसाला ४० गाड्या आणि ३,००० वाहनं: १,२०,०००. गेट गजबजलेलं ठरलं.

दुसरी मोजणी गेटमनच्या तासांसाठी. ड्यूटीत निम्मा किंवा जास्त वेळ हालचाल आणि एकसारखं लक्ष लागत नसेल, आणि त्यात सलग एक तासाची एक किंवा सलग अर्ध्या तासाच्या दोन विश्रांती मिळत असतील, तर काम 'मुळात खंडित' ठरतं. पाहणी सलग ७२ तासांची. १९८९ च्या रेल्वे कायद्यात अशा कामाला आठवड्याला ७५ तासांची मर्यादा आहे, सलग कामाला ५४. १९३१ च्या नियमांत हेच आकडे ८४ आणि ६० होते. पहिल्या मोजणीतलेच आकडे इथं लावा. बारा तासांत २० गाड्या, प्रत्येकीला स्टेशनाशी खासगी नंबराची (निरोप पोचल्याची खूण म्हणून सांगायच्या आकड्याची) देवघेव, फाटक पाडणं, गाडी जाणं, फाटक उचलणं मिळून १२ मिनिटं. झाले चार तास. उरलेले आठ तास कागदावर रिकामे. त्या आठ तासांत फाटकाखाली घुसलेली दुचाकी काढणं, अडकलेल्या ट्रकला मागं घ्यायला लावणं, लोकांच्या शिव्या खाणं हे सगळं 'हालचाल नाही' या रकान्यात जातं. म्हणजे एकच गेट पुलासाठी गजबजलेलं आणि माणसासाठी निवांत. कारण उघड आहे. बारा तासांच्या पाळीत दोन माणसं आणि सुट्टीचा बदली लागतो, आठ तासांच्या पाळीत तीन आणि बदली. प्रत्येक फेरवर्गीकरण म्हणजे एक नवी जागा.

मिरज–लोंढा दुहेरीकरणानं गाड्या वाढतील तशी जुनी ७२ तासांची पाहणी शिळी होणार, पण कुणी मागितल्याशिवाय ती पुन्हा होत नाही. संघटनेनं ती मागताना तारीख महिनाअखेरची किंवा लग्नसराईची निवडावी, रात्रीच्या मालगाड्या येतील अशी वेळ धरावी आणि गेटवरच्या नोंदवहीतल्या खासगी नंबरांच्या वेळा स्वतंत्र उतरवून ठेवाव्यात. पाहणी करणाऱ्याच्या तक्त्याशी पुढे त्याच ताडून पाहता येतात. वर्गीकरण मान्य नसेल तर केंद्राच्या विभागीय कामगार आयुक्तांकडे दाद मागता येते, आणि तिथं नोंदवहीच बोलते. इंग्लंडात १९७७ च्या नियमांनी मान्यताप्राप्त संघटनेच्या सुरक्षा प्रतिनिधीला दर तीन महिन्यांनी कामाची जागा स्वतः तपासायचा हक्क दिला. असा प्रतिनिधी गेटच्या खोलीत जाऊन बसला, तर ७२ तासांच्या तक्त्यात 'हालचाल नाही' लिहिताना हात थोडा थांबेल.

पूल झाला की गेट बंद होतं, जागा रद्द होते आणि गेटमन दुसरीकडे जातो. बंद करायला राज्याची संमती लागते, पण संमतीच्या कागदात पायी जाणाऱ्याची वाट क्वचितच असते. महसूल कायद्यातलं पुढचंच कलम, कर्नाटकात ६८ वं आणि महाराष्ट्रात २१ वं, लोकांचा वाटेवरचा हक्क विधिपूर्वक संपवण्याचं आहे. गेट बंद करताना ते वापरलं का, नोटीस लागली का, हरकती मागवल्या का, हे माहिती अधिकारात विचारता येतं. अर्ज दोन करावे लागतात, एक जिल्हाधिकारी कार्यालयात आणि एक हुबळीच्या विभागीय कार्यालयात, कारण रूळ एकाचे आणि गल्ली दुसऱ्याची.