ठराव क्रमांक चार

आमच्या सोसायटीची मी सचिव आहे. निवडून आलेली नव्हे, सापडलेली. नावं सुचवायची वेळ आली तेव्हा मी पाणी प्यायला उठले होते, परत येईपर्यंत टाळ्या वाजून गेल्या होत्या. वार्षिक सभा ३० सप्टेंबरच्या आत उरकावी लागते, ती उरकली. राहिलं होतं इतिवृत्त.

"आत्या, टॅबवर लिही ना," भाचा म्हणाला. त्याच्या बापाचं, म्हणजे माझ्या भावाचं, काय जातंय! टॅबवर कीबोर्ड उघडला की निम्मा पडदा तोच अडवून बसतो, उरलेल्या निम्म्यात बोटाने लिहायचं म्हणजे चष्मा लावून तांदूळ निवडणं. तेव्हा पेन तरी घ्यावं किंवा खराखुरा कीबोर्ड तरी, असं ठरलं आणि आम्ही पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांच्या तपकीर गल्लीत शिरलो.

दुकानदाराने तीन पेनं मांडली. पहिलं १९९ रुपयांचं, टोकाला काळं रबरी बोंड. त्याच्या पोटात काही म्हणजे काही नसतं. काचेला बोटाचा स्पर्श विजेमुळे कळतो, तोच या रबरातून पोचवायचा. थोडक्यात, देवाने दिलेल्या दहा बोटांना १९९ रुपयांची अकरावी जोड. दुसऱ्यात बॅटरी आणि बारीक टोक, पण हाताची कड काचेला टेकली की तिचीही रेघ उमटणार. तिसरं सॅमसंगचं एस पेन. लिहिण्यापुरतं त्याला चार्जिंगच लागत नाही, पडद्याखालच्या जाळीतूनच वीज मिळते. दाबाल तशी रेघ जाड होते, हात टेकला तरी पडदा दुर्लक्ष करतो. मी पर्स उघडली. तेवढ्यात दुकानदार म्हणाला, "ताई, तुमच्या टॅबला नाही चालायचं. टॅब बदलावा लागेल." म्हणजे चप्पल आवडली, आता पाय बदला.

भाच्याने मध्येच ज्ञान पाजळलं. २००७ साली आयफोन दाखवताना स्टीव्ह जॉब्ज यांनी असल्या पेनांची टर उडवली होती, जन्मतःच दहा बोटं मिळालीत म्हणाले होते. आणि २०१५ साली त्याच कंपनीने पेन्सिल काढली. ती चार्ज करायला आयपॅडच्या बुडात खोचून ठेवायची, तापाचं पोर थर्मामीटर लावून निजवावं तशी. एवढं सांगून त्याने मला दुसरं पेन घ्यायला लावलं. सोबत १,८०० रुपयांचा घडीचा, बिनतारी कीबोर्डही. "दोन्ही वापरून बघ, मग ठरव." खर्च दुसऱ्याचा असला की माणूस फार शास्त्रीय होतो.

रात्री पेन घेऊन बसले. अक्षर ओळखून त्याचं छापील करणारी सोय टॅबमध्ये होती. मी झोकात लिहिलं, 'सर्व सभासद उपस्थित होते.' पडद्यावर उमटलं, 'सर्व समासद उपस्थित होते.' चूक माझीच. शिरोरेघ मी एका फटक्यात ओढते, त्यामुळे भ चं डोकं मिटून म होतो. आमचे सभासद पाहता द्वंद्व समास म्हटलं तरी चाललं असतं, म्हणून तसंच सोडलं. पण पुढे 'धनादेश'चा 'घनादेश' झाला. पावसाळी अधिवेशनाचा वास यायला लागला. शिवाय लिहिताना मनगट टेकायचं नाही. दोन ठराव होईपर्यंत माझा हात नागाच्या फण्यासारखा हवेत उभा राहून आखडला.

मग कीबोर्ड. हा टेबलावर सज्जन, मांडीवर घेतला की टॅब मागे कलंडतो. कळांवर नुसती इंग्रजी अक्षरं, म्हणून भाच्याने देवनागरी स्टिकरं चिकटवून दिली आणि कुठलंसं अ‍ॅप टाकून इनस्क्रिप्ट चालू केलं. स्वर डाव्या हाताला, व्यंजनं उजव्या. सरकारी मांडणी आहे, पण चक्क सोयीची आहे. फक्त पेनने मी वेलांटी आधी काढते आणि क नंतर. इथे क आधी, वेलांटी मागून. पन्नास वर्षांची सवय मोडताना तासभर 'किती' लिहिता येईना. आणि 'दुसऱ्या मजल्यावर' लिहायला बसले तर 'दुसर्या' उमटायचं. भाच्याला फोन केला. शिफ्ट धरून जे, मग डी, मग तिरकी रेघ, मग ई. एका चंद्रकोरीएवढ्या र साठी एवढी वाट! पण तो र नीट उमटला तेव्हा मी एकटीच टाळी वाजवली. यांनी आतून विचारलं, "अगं, एवढ्या पैशात लॅपटॉप नसता का आला?" मी ऐकलं नाही.

दुसऱ्या दिवशी ठराव क्रमांक चार घेतला, पाण्याचा पंप. शीर्षक पेनने आधीच घातलं होतं. नजर स्टिकरांवर, पडद्याकडे बघायची फुरसत नाही. एक एक कळ शोधत लिहिलं: 'बाहेरून नवा रंग दिलेला असला तरी वय झालेले आहे. दुरुस्तीवर खर्च करण्यात अर्थ नाही. दुसरा पाहावा, असे सर्वानुमते ठरले.' एंटर मारून मान वर केली. टॅब कोरा. शीर्षकाखाली अक्षर नाही.

आता आठवलं. सकाळी टॅब चार्जिंगला होता म्हणून भाच्याने तेच अ‍ॅप टाकून कीबोर्ड यांच्या फोनला जोडून दाखवला होता. तोडायचा राहिला. फोन बाहेर डायनिंग टेबलावर, हे दार उघडायला उठलेले, आणि पडद्यावर यांच्या माहेरचा, म्हणजे माझ्या सासरचा, व्हॉट्सॲप ग्रुप उघडा. त्यात नणंदेने दहा मिनिटांपूर्वीच मुलीसाठी आलेल्या स्थळाचा फोटो टाकला होता, 'सगळ्यांनी मोकळेपणाने मत द्या' असं लिहून. त्याखाली यांच्या नावाने माझा ठराव, सर्वानुमते.

मी पुसायला धावले, तोवर निळ्या खुणा आल्या होत्या. पाठोपाठ नणंदेचं उत्तर:

"दादा, अगदी माझ्या मनातलं बोललास. तो कलप मलाही खटकलाच होता."